पाणखारचा कोरा पट्टा

“शिक्का? पोरांच्या नकाशावर? त्यो कशापायी, बाई?”

ग्रामसेवक रावसाहेब शेळके चुना लावलेलं पान तोंडाशी नेता नेता थांबले. नगरकडचा माणूस. खाडीकाठच्या या पंचायतीत येऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांनी भाषा सोडली नव्हती आणि पानही सोडलं नव्हतं. त्यांच्या टेबलासमोर आठवीची अडतीस मुलं ओल्या फरशीवर मांडी घालून बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर वही, आणि सगळ्यांच्या पुढे, पदर कमरेला खोचून, भूगोलाच्या गमरेबाई.

“क्षेत्रभेट आहे, भाऊसाहेब. दहा गुणांची. ज्या कचेरीत गेलो तिथला सही-शिक्का नसला, तर मुलं घरी झोपली होती असं धरतात.”

“मारू की मग! ल्येकरांच्या मार्कांना आपली आडकाठी न्हाई.”

एरवी हाच शिक्का मागायला आलेल्या माणसाला रावसाहेब तीन खेपा घालायला लावत. आज अडतीस पोरं एका सुरात ‘नमस्कार सर’ म्हणाले आणि गडी विरघळला. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून लिमलेटच्या गोळ्या मागवल्या.

“हं, इचारा.”

पहिल्या रांगेतून वैशाली उठली. पाणखारच्या देवजीची मुलगी, दोन घट्ट वेण्या आणि त्याहून घट्ट ओठ. “तुमच्या कचेरीचं कार्यक्षेत्र कुठून कुठपर्यंत आहे?”

“म्हंजी, असं बघ...” रावसाहेब हवेत हात फिरवायला लागले.

“नकाशावरच काढून दाखवा ना,” बाई म्हणाल्या, आणि लाल-निळी पेन्सिल लाल टोकाकडून त्यांच्या हातात दिली. “मुलांना डोळ्यांनी दिसलं की पक्कं बसतं.”

नकाशा मुलांनीच केलेला होता. चार ड्रॉइंग पेपर खळीनं जोडलेले, पावलांनी अंतर मोजून काढलेली घरं, देऊळ, शाळा, गावाची विहीर, विहिरीपलीकडे मातीचा लांबलचक बांध, आणि बांधापलीकडे भरतीचं पाणी जिथं चढतं ते खाजण. रावसाहेबांनी चष्मा पुसला आणि लाल रेघ ओढायला घेतली. घरं घेतली, देऊळ घेतलं, विहिरीला वळसा घातला आणि पेन्सिल थांबवली.

“ही हीर आपली. हितं पंचायत संपली.”

“आणि बांध?” वैशालीनं विचारलं.

रावसाहेबांनी पेन्सिल पटकन उचलली. “बांधाशी आपला काय संबंध? त्यो नव्या शहराच्या हापिसाकडं. चार अर्ज आले व्हते, चारी म्या माघारी धाडले. लिव्हा रं पोरांनो, बांध पंचायतीकडं न्हाई.”

अडतीस पेनं चालली. रावसाहेबांनी सही ठोकली, शिक्का पॅडवर दोनदा आपटला आणि असा दाबून मारला की एक अक्षरही फिकं राहिलं नाही.

“झ्याक उठला का न्हाई?”

“झकास उठला,” बाई म्हणाल्या. एक झाला, असं त्या मनात म्हणाल्या.

आता या बांधाचं काय प्रकरण ते सांगायला हवं. ब्याऐंशी साल होतं. खाडीच्या या अंगाला नवं शहर उठत होतं आणि त्याच्या रस्त्यांसाठी मुरूम भरलेले ट्रक पाणखारच्या बांधावरून धावत होते. बांध बैलगाडीसाठीसुद्धा नव्हता, माणसांनी चिखल थापून थापून उभा केलेला. ट्रकांखाली तो हात-दीड हात खचला. अनंत चतुर्दशीनंतरच्या पुनवेला पाणी त्याच्या माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली राहिलं. येणाऱ्या सर्वपित्रीच्या आवसेला त्याहून मोठं उधाण होतं. पाणी बांधावरून आलं की पन्नास पावलांवर विहीर. पाणखारला प्यायच्या पाण्याची ती एकच. तिच्यात एकदा खारं उतरलं की गाव पाण्यावाचून उठणार, यात कुणाला शंका नव्हती.

गावानं त्याआधी कधी कुणाला अर्ज केला नव्हता. बांध खचला की भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी खाली असतं तेव्हा, घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा आणि दोन दिवसांत बांध उभा. पण या वेळी देवजी आणि आणखी अकरा जण फावडी घेऊन गेले, तर पोलीस ठाण्याचा हवालदार सायकलवरून हजर. सरकारी जागेत खोदकाम करता? बाराही जणांची नावं लिहून घेतली आणि पुन्हा दिसलात तर आत टाकीन म्हणून तंबी दिली. मग सुरू झाल्या चकरा. पंचायत म्हणे शहराच्या ऑफिसात जा, ऑफिस म्हणे पंचायतीत जा, आणि पोलीस म्हणत घरी जा. लिहून मात्र कुणी काही देईना.

देवजी हे सगळं शाळेच्या फाटकाशी बाईंना सांगत होता, तेव्हा बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना त्यांचे वडील आठवले. महाडच्या बाजूला रस्त्याच्या गँगवर मजूर होते. रस्त्याखालच्या मोरीला तडा गेलाय हे त्यांनी मुकादमाला तीनदा सांगितलं, तोंडी. श्रावणात मोरी वाहून गेली, आणि सांगितलं होतंस कधी, असं विचारून साहेबानं त्यांनाच कामावरून काढलं. घरात आठ महिने चूल अर्धीच पेटत होती. बाई, म्हणजे तेव्हाची वैजयंती, चौथीत होती. तोंडी शब्दाचा तिला तेव्हापासून राग.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्या कुणाला सांगत नसत. या शाळेत रुजू झाल्या त्या पहिल्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शाळेचा माठ फुटलेला. रस्त्यात पहिलं घर लागलं ते देवजीचं. अंगणात त्याची आई बयाबाई बोंबील वाळत घालत होती. बाईंनी पाणी मागितलं. म्हातारीनं आडनाव विचारलं, बाईंनी सांगितलं. असं सांगितलं की पुढे काय होतं हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं. म्हातारी आत गेली, स्वतःचा पितळी तांब्या भरून आणला आणि हातात दिला. “पी बाय. आमचे बावीचा पानी हाय, गोर हाय.” बाई तांब्या विसळून द्यायला गेल्या, तर बयाबाईनं तो हातातून ओढूनच घेतला. “ठेव गो, मना काय हात नाय?” त्याला सात वर्षं झाली. ती विहीर तेव्हापासून बाईंचीही होती.

म्हणून त्या मुख्याध्यापक कर्णिक सरांकडे गेल्या. दिनानाथ कर्णिक सज्जन माणूस, फक्त वाऱ्यानं दार वाजलं तरी दचकणारा.

“सहल म्हणजे कशी, राणीच्या बागेत न्यावी,” ते म्हणाले. “कचेऱ्या काय दाखवायच्या मुलांना? आणि पोलीस ठाणं?”

“अभ्यासक्रमात आहे सर. ‘स्थानिक शासकीय कार्यालयांना भेट.’ पान एक्क्याण्णव.”

कर्णिक सरांनी पान एक्क्याण्णव काढलं. होतं. छापलेल्या गोष्टीपुढे त्यांचा इलाज नसे. त्यांनी परवानगीवर सही केली.

पंचायतीतून निघून मुलं रांगेनं नव्या शहराच्या ऑफिसात पोचली तेव्हा अकरा वाजले होते. इथं फरशी कोरडी होती आणि पंखे फिरत होते. काचेखाली शहराचं थर्माकोलचं मॉडेल होतं. गावातली पोरं त्याच्याकडे लांबून बघत राहिली, नव्या शहरातल्या फ्लॅटमधली पोरं काचेला नाकं लावून आपापली बिल्डिंग शोधायला लागली. उपअभियंता सबनीस खूष झाले. तरतरीत माणूस, खिशाला तीन पेनं.

“वेलकम, वेलकम! टीचर, आपलं नाव?”

“वैजयंती गमरे.”

“गमरे... गमरे म्हणजे, मूळ कुठले तुम्ही?”

“महाडच्या.”

“अच्छा, महाड.” साहेबांना हवं ते कळलं. बाईंनाही, त्यांना काय कळलं ते कळलं. त्यांचे कान तापले, पण आज भांडायला वेळ नव्हता. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिल उलटी करून निळं टोक पुढे केलं.

प्रश्न विचारायची पाळी नंदकुमारची होती. फ्लॅटमधला मुलगा, अक्षर मोत्यासारखं, आणि मुळातच शंकेखोर. “सर, तुमचं कार्यक्षेत्र कुठपर्यंत?”

सबनीसांनी भिंतीवरचा मोठा प्लॅन बघितला, सर्व्हे नंबर पुटपुटले आणि स्केल लावून निळी रेघ मारली. खाजण सगळं आत घेतलं आणि बांधाच्या पायाशी आल्यावर स्केल थांबलं. रेघ अगदी सरळ, कुठं हललेली नाही.

“सर, बांध बाहेर राहिला,” नंदकुमार म्हणाला.

“राहिला नाही बाळा, ठेवला!” सबनीसांना त्या प्रश्नाचा आनंदच झाला. “मुद्दाम वगळलाय. आत घेतला असता तर मेंटेनन्स आमच्या गळ्यात पडला असता. आज ना उद्या तो फुटणार, मग लोक येऊन आमच्या नावानं बोंबलणार. प्लॅनिंग म्हणजे काय? डोकं लागतं त्याला.”

“मग तो कुणाचा?”

“पंचायतीचा असेल. आमचा नाही, एवढं शंभर टक्के.”

“आणि ट्रक जातात ते?”

“तो कॉन्ट्रॅक्टर जाणे. आम्ही त्याला बांधावरून जा म्हणून सांगितलेलं नाही.”

“लिहू सर?”

“लिही की!”

वैशाली लिहीत नव्हती. मान खाली घालून बसली होती, आणि तिच्या वहीवर टपकन एक थेंब पडला. आज ना उद्या फुटणार, हे तो माणूस हसत म्हणाला होता. बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. “लिही,” त्या हळूच म्हणाल्या. “जसं बोलले तसं. एक शब्द गाळू नकोस.” वैशालीनं नाक पुसलं आणि लिहिलं.

गोल शिक्का उमटला. सबनीसांनी खाली तारीखसुद्धा घातली, कारण ते व्यवस्थित गृहस्थ होते. निघताना त्यांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्यांच्या निळ्या रेघेत आणि ग्रामसेवकाच्या लाल रेघेत बोटभर रुंदीचा एक लांब पट्टा कोरा राहिलेला त्यांना दिसला असता. मुलांना तो दिसला. बाहेर आल्यावर सगळी नकाशाभोवती गोळा झाली.

“बाई, हा पट्टा कुणाचाच नाही?” नंदकुमारनं विचारलं.

“दोन कचेऱ्या तसं म्हणतात. आता तिसरीला विचारू.”

“पन तिथं माझे बाबांचा नाव हाय,” वैशाली म्हणाली. रडू आलं की तिची शाळेतली भाषा सुटायची. “मना नाय यायचा ठान्यावर.”

“तुझ्या बाबांनी चोरी केली का?”

“नाय.”

“मग वेण्या नीट बांध आणि पुढे चल. ठाण्यातला पहिला प्रश्न तूच विचारायचास.”

हे बोलल्या खऱ्या, पण घरचं बोलणं बाईंच्या मनातून जात नव्हतं. आदल्या रात्री नवरा किसन म्हणालाच होता, “कशाला पंगा घेतेस वैजू? हप्ता फ्लॅटचा चालू आहे. तुझी नोकरी गेली तर महाप्याच्या कारखान्यातल्या माझ्या पगारात भागायचं नाही.” खोटं नव्हतं ते.

ठाण्यातले फौजदार मोहिते उंचपुरे, आवाज मोठा, आणि मुलांची हौस असलेले. त्यांनी बेड्या दाखवल्या, रिकामी कोठडी दाखवली, दोन पोरांना आत घालून दार लावलं आणि सगळी हसून झाल्यावर उघडलं. मग खुर्चीत बसले. “विचारा, बिनधास्त.”

वैशाली उठली. “एखाद्या जागेत खोदकाम केलं म्हणून पोलीस कुणाला कधी अडवतात?”

“जागेच्या मालकाची तक्रार आली की. लेखी. तक्रार नाही तर पोलीस उगाच कुणाच्या अंगणात जात नाहीत, कळलं? हे कायद्याचं राज्य आहे.”

“पाणखारच्या बांधाबद्दल कुणाची तक्रार आली आहे?”

मोहिते थांबले. मुलांना नोंदवही दाखवायची हौस मात्र त्यांना आवरली नाही. ठाणे अंमलदाराकडून जाड वही मागवली आणि जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर करत पानं उलटली. पाणखार कुठंच नव्हतं. “नाही. एकही नाही.”

“मग बारा नावं कुठल्या वहीत लिहिली?”

कोपऱ्यात हवालदार दत्तू कडू उभा होता. त्याचा हात आपोआप खिशातल्या डायरीवर गेला. मोहित्यांनी ते बघितलं, मग वैशालीकडे बघितलं, मग इतका वेळ बाजूला पडलेला नकाशा पुढे ओढला. लाल रेघ पाहिली, निळी रेघ पाहिली, दोन शिक्के पाहिले. बोट कोऱ्या पट्ट्यावर ठेवलं. हा माणूस सबनीस नव्हता. त्याला एका नजरेत सगळं समजलं.

“बाई,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “हा भूगोल आहे का?”

“भूगोलच आहे, साहेब. जागा कुठली आणि कुणाची.”

“मी यावर सही करायची, आणि उद्या गाव फावडी घेऊन बांधावर. असंच ना?”

“तुम्ही आत्ता मुलांना जे सांगितलंत, त्याखाली सही मागतेय. जास्तीचं एक अक्षर नको.”

“नोकरी करता ना? का कंटाळा आलाय?” मोहित्यांनी नकाशा परत सरकवला. “सही नाही मिळणार. जा.”

बाईंना वाटलं, झालं, इथंच संपलं सगळं. क्षणभर त्यांना वडिलांचं तोंड दिसलं, पायरीवर बसलेले, हातातल्या रिकाम्या घमेल्याकडे बघणारे. आणि मग त्यांचा तो जुना राग असा उसळला की भीती कुठल्या कुठे गेली. त्या मुलांकडे वळल्या.

“मुलांनो, क्षेत्रभेटीच्या अहवालात काय लिहायचं असतं?”

“जे पाहिलं ते! जे ऐकलं ते!” अडतीस जण ओरडले.

“मग वह्या उघडा. लिहा. फौजदारसाहेबांनी नोंदवही दाखवली. बांधाबद्दल एकही तक्रार नाही, असं सांगितलं. लिहिलं? पुढे. मात्र स्वतः सांगितलेल्या उत्तराखाली सही करण्यास साहेबांनी नकार दिला.”

“नकार... दिला...” मुलं लिहिताना मोठ्यानं म्हणत होती, तशी त्यांना सवयच होती. “बाई, साहेबांचं पूर्ण नाव?” मागून स्मितानं विचारलं.

“पाटीवर आहे. बघून लिही.”

अडतीस माना पाटीकडे वळल्या. ठाणे अंमलदारानं तोंडावर रुमाल धरला. या अडतीस वह्या अडतीस घरांत जाणार होत्या. त्यातली अर्धी घरं नव्या फ्लॅटमधली होती, म्हणजे कुणाचा बाप मंत्रालयात, कुणाचा वर्तमानपत्रात, कुणाचा कोर्टात. मोहित्यांनी हा हिशेब बाईंच्या आधी केला.

“थांबा!” ते म्हणाले. “खोडा ते शेवटचं वाक्य. काय बाई आहे की कोण...” आणि त्यांनी पेन काढलं. ‘आजअखेर तक्रार नाही’ एवढं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग नकाशा देताना बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “हे तुम्हाला महागात पडेल. धमकी देत नाही, माहिती देतोय.”

“माहितीबद्दल आभारी आहे,” बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या. वैशालीनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. विहिरीचंच होतं.

रविवारी भांग होता. पाणी दूर गेलं होतं आणि खाजणातला चिखल उघडा पडला होता. घरटी एक नाही, घरटी होती तेवढी सगळी माणसं बांधावर उतरली. पुरुष फावड्यांनी चिखल तोडत होते, बायका घमेली डोक्यावरून चढवत होत्या, मधल्या थरात पेंढा घालत होते. आठवीचा वर्ग हजर होता. फ्लॅटमधली पोरं पहिल्यांदा गुडघाभर चिखलात उतरली आणि वर यायला तयार होईनात. दहाच्या सुमाराला किसन आला. कारखान्यातले गमबूट पायात, तोंड अजून फुगलेलं. “बघत काय बसलीस, घमेलं दे,” म्हणाला आणि कामाला लागला.

बाराला हवालदार कडू सायकलवरून आला. मागे कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर. “बंद करा! सरकारी जागेत...”

देवजीनं फावडं रोवलं. त्यानं आजवर खाकी कपड्यापुढे मान वर केली नव्हती. आज केली. “सरकारचा हाय तर कंच्या सरकारचा, ता सांग. आमी थांबतो.”

नंदकुमारनं नकाशा उलगडला. एक टोक त्यानं धरलं, दुसरं वैशालीनं. कडूनं वाचलं. पंचायतीचा शिक्का. नव्या शहराचा शिक्का. मग तिसरा, आणि खाली स्वतःच्या साहेबाची सही. त्यानं ती दोनदा वाचली.

“अरे बघतोस काय, पकड ना त्यांना!” सुपरवायझर म्हणाला.

“लेखी तक्रार दे,” कडू म्हणाला. “जागा तुझी आहे असं लिहून दे. पकडतो.”

सुपरवायझर आल्या वाटेनं चालू लागला. जागा त्याचीही नव्हती. कडूनं सायकल बांधाला टेकवली, टोपी काढून घाम पुसला आणि बयाबाईकडे बघून म्हणाला, “आजी, पाणी आहे का थोडं?” बयाबाईनं त्याला त्याच पितळी तांब्यातून पाणी दिलं. देताना म्हणाली, “पी. या पान्यासाठीच चाललाय रं बाबा सगला.” कडू मान खाली घालून प्यायला.

शुक्रवारी सर्वपित्री. दुपारी साडेबाराला उधाण भरलं. कर्णिक सरांनी मधली सुट्टी लांबवली, कुणाला न विचारता, आणि स्वतःही धोतर सावरत बांधावर आले. पाणी गढूळ, फुगत, आवाज न करता चढत होतं. जुन्या, खचलेल्या माथ्याची खूण देवजीनं काठी रोवून ठेवली होती. पाणी त्या खुणेला लागलं, खूण बुडाली, आणखी चार बोटं वर आलं. मग ते तिथंच थांबलं आणि हळूहळू मागे फिरलं. नव्या चिखलावर बायकांच्या हातांचे ठसे होते, ते तसेच्या तसे राहिले. बयाबाईनं विहिरीत कळशी सोडली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ न टाकता गिळलं आणि मोठ्यानं रडली. इतका वेळ कुणीच रडलं नव्हतं.

महिन्याभरानं शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणीसांनी बाईंना बोलावलं. कुठून कुठून फोन आले होते. टेबलावर नकाशा होता.

“तुम्ही अधिकाऱ्यांची दिशाभूल केलीत.”

“प्रश्न मुलांनी विचारले. उत्तरं त्यांनी दिली. मी फक्त पेन्सिल दिली.”

“हे बघा, दिलगिरीचं चार ओळींचं पत्र लिहा. मी विषय मिटवतो. नाहीतर आपल्या मोरा गावच्या शाळेत बदली करावी लागेल. जाऊन-येऊन पाच तास. विचार करा.”

बाईंना फ्लॅटचा हप्ता आठवला, किसनची रात्रपाळी आठवली. पण शब्द फुटले ते सरळ फुटले. “दिलगिरी कशाची, तेवढं आधी तुम्ही लिहून द्या. खाली सही आणि शिक्का. मग मी विचार करते.”

चिटणीसांनी तसं काही लिहून दिलं नाही. बदलीचा हुकूम मात्र दिला, शिक्क्यासकट.

तोवर बांधाचंही एक झालं होतं. इतका पक्का, रुंद बांध फुकटात उभा राहिलेला पाहून सबनीसांच्या ऑफिसानं निळी रेघ पुढे सरकवली. बांधावर लोखंडी पाटी आली: ‘सदर बांध ही या कार्यालयाची मालमत्ता असून विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’ बाईंनी ती वाचली तेव्हा त्यांना हसू आवरेना. आता फुटला तर कुणाच्या दारात जायचं, ते तरी लेखी मिळालं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी अडतीस वह्या तपासून परत दिल्या. कुणाला आठ, कुणाला नऊ. वैशालीला दहा. तिनं विचारलं, “बाई, नकाशातला पट्टा आता कुठल्या रंगानं भरू?”

“बांध कशाचा आहे?”

“मातीचा.”

“मग मातीच्या.”

एस.टी. थांब्यावर बयाबाई उभी होती, हातात तांब्या. तिनं तो पुढे केला. बाईंनी तिथं, सगळ्या थांब्यासमोर, तांब्या तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायल्या.

“गोर हाय ना?” म्हातारीनं विचारलं.

“गोड आहे.”

गाडी सुटली आणि खाजणाच्या कडेनं वळली. बाईंनी खिडकीतून बांधाकडे पाहिलं. भांगाचे दिवस होते. देवजी आणि चार-पाच जण फावडी घेऊन पुन्हा माथा थापत होते. मालमत्तेच्या पाटीवर देवजीनं आपला ओला सदरा वाळत घातला होता.